सरांनी उत्तम म्हटलं

मंडळाच्या चिटणिसांनी सकाळी येऊन खिडकी उघडली, टेबलाच्या एका बाजूची धूळ रुमालानं दुसऱ्या बाजूला केली आणि वाजणारा फोन उचलला. पलीकडे गाळसरांच्या पत्नी होत्या.

"चिटणीस, तुमच्या ऑफिसातून ह्यांना दम येतोय."

"कुणाला, वहिनी?"

"ह्यांना."

चिटणीस सावकाश खुर्चीत बसले. गाळसर ऐन थंडीत गेले होते आणि आता पंखे लावायचे दिवस आले होते.

"कसला दम?"

"वाचून दाखवते. 'आदरणीय सर, वारंवार आठवण करूनही आपला अभिप्राय आलेला नाही. आपल्यासारख्या ज्येष्ठांकडून ही अपेक्षा नव्हती.'" वहिनी जरा थांबल्या. "घरातलं एक काम ह्यांनी जन्मात वेळेवर केलं नाही. न्हाणीघराचा नळ वर्षभर गळत होता. पण तुमचे कागद कधी एक दिवस उशिरा दिले? सांगा ना."

"कधीच नाही, वहिनी."

"मग त्यांना असं बोलायचं?"

चिटणीस उभे राहिले, पुन्हा बसले आणि "मी बघतो, आत्ता बघतो," एवढंच म्हणाले.

मंडळ अभ्यासपत्रिकांना मदत करणारं होतं. नद्या, किडे, जुनी नाणी, विसरलेल्या बोली अशा विषयांवरच्या पातळ पातळ पत्रिका असतात. त्यांचे लेखक आणि वाचक ही तीच माणसं असतात आणि तीही एकमेकांशी धड बोलत नाहीत. अशा पत्रिका एकेकट्या तग धरत नाहीत, म्हणून काही प्राध्यापकांनी त्यांची मोट बांधून हे मंडळ काढलं होतं. ते ना-नफा तत्त्वावर चालायचं. नफा होईल अशी शंका तशी कुणाला कधी आलीही नव्हती. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जुन्या अंकांनी वाकलेली कपाटं आणि चिटणीस, एवढाच पसारा. आलेला निबंध त्या विषयातल्या जाणत्याकडे पाठवायचा, तो बरा की वाईट हे त्याला गुपचूप विचारायचं आणि त्याचं नाव न सांगता लेखकाला कळवायचं, हे मुख्य काम. नाव न सांगितल्यामुळे भांडणं कागदावरच राहतात.

नद्यांच्या तळाशी साचणाऱ्या गाळातले जाणते म्हणजे गाळसर. ते अभिप्राय टपालानं पाठवत नसत. स्वतः जिना चढून येत, धापा टाकत कागद टेबलावर ठेवत आणि म्हणत, "सुधारणेला वाव आहे." मग चहा पीत. चहाबद्दलही त्यांचं मत तेच असे. ते गेले तेव्हा चिटणिसांनी मंडळाच्या वार्तापत्रात पानभर मृत्युलेख लिहिला. वार्तापत्र कुणीच वाचत नसल्यामुळे बातमी तशी गुप्तच राहिली.

पूर्वी अभिप्रायाची आठवण करून देणारी पत्रं चिटणीस स्वतः लिहीत. ती इतकी नम्र असत की आपल्याकडे काही काम राहिलंय हे वाचणाऱ्याला कळतही नसे. म्हणून मंडळानं एक सिस्टीम बसवून घेतली. निबंध आला की सिस्टीम आपणच जाणता शोधायची, आपणच ईमेल धाडायची आणि उत्तर आलं नाही की दर खेपेला आवाज चढवायची. जाणत्यांच्या यादीत गाळसरांचं नाव तसंच होतं. ते काढायला चिटणीस एकदा बसले होते. 'हे नाव कायमचे काढायचे?' असं पडद्यावर आलं, तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं आणि ते फिरायला निघून गेले. पुढे ते राहूनच गेलं.

सर गेल्यावर थोड्याच दिवसांत गाळावरचा एक निबंध आला आणि सिस्टीमनं तो सरांकडे पाठवला. सरांची ईमेल वहिनींच्या फोनवर दिसायची. त्यात 'स्वीकार' आणि 'नकार' अशी दोन बटणं होती. ह्यांच्या नावानं आलेलं काही वहिनींनी कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी 'स्वीकार' दाबलं. पार्सल घेतल्याची सही करावी तसंच काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं. मग आठवणी सुरू झाल्या. शेवटी त्यांनी उत्तर लिहिलं, 'ते आता नाहीत.' त्यावर सिस्टीमनं तत्काळ कळवलं की आपण बाहेरगावी असल्याचे समजले, मुदत वाढवण्यात येत आहे, परतल्यावर अभिप्राय द्यावा.

ते 'परतल्यावर' वाचून वहिनी दिवसभर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

चिटणिसांनी सिस्टीम बसवणाऱ्या संगणकवाल्याला फोन लावला. "एक नाव ताबडतोब काढायचंय."

"काढा की."

"निघत नाही. 'काम बाकी आहे' म्हणतंय."

"बरोबरच आहे. अंगावर घेतलेलं काम संपवल्याशिवाय ती माणसाला सोडत नाही."

"अहो, माणूस वारलाय!"

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. "तसा पर्याय दिलेला नाही आपण. रजेवर आहे, आजारी आहे, रस नाही, एवढेच आहेत. पुढच्या आवृत्तीत टाकू."

"तोवर काय करू?"

"सोपं आहे. त्यांच्या नावानं अभिप्राय भरून टाका. काम संपलं की नाव सुटेल."

चिटणिसांनी हात जोडले. ते कुणाला जोडले हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी सरांच्या नावासमोरची चौकट उघडली आणि तिच्यात 'ठीक' असं लिहिलं. शब्द कमी पडतात, असं सिस्टीमचं म्हणणं पडलं. त्यांनी 'निबंध ठीक आहे' असं केलं. तरी कमीच. आता लेखकाचं नुकसान व्हायला नको, उगाच कुणाचे शिव्याशाप नकोत, या विचारानं चिटणीस सढळ हातानं लिहू लागले. निबंध उत्तम आहे. विषय महत्त्वाचा असून मांडणी उत्तम आहे. लेखकाची चिकाटी कौतुकास्पद असून तीही उत्तम आहे. असं करत करत चौकट भरली. खाली एका बारीक ओळीत 'माझे नाव लेखकास कळवण्यास हरकत नाही' असं लिहिलेलं होतं आणि तिच्यापुढे आधीच बरोबरची खूण होती. चिटणिसांनी वाचायचा चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्यांनी 'पाठवा' दाबलं.

मग सरांचं नाव यादीतून निघालं. ते निघाल्यावर चिटणिसांना वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदीपत्रिकेचे संपादक फोनवर जवळजवळ गहिवरून बोलत होते. "चिटणीस, गाळसरांचा अभिप्राय पाहिला! उत्तम म्हणतात! तेही चारदा! मी लगेच निबंध स्वीकारल्याचं कळवून टाकलं."

"पण सर तर..."

"माहीत आहे हो. जाण्याआधी पाठवून ठेवला असणार, तुमच्या त्या सिस्टीमनं आत्ता वर काढला. अखेरचा शब्द आहे त्यांचा. मी ठरवलंय, निबंधाच्या वर चौकटीत तो पुरा छापायचा. श्रद्धांजली म्हणून."

खरं काय ते सांगायला चिटणिसांनी तोंड उघडलं. संपादकांनी त्याच वेळी फोनवर नाक शिंकरलं. चिटणिसांचं धैर्य तिथंच गळालं.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. सिस्टीमनं त्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं आणि सोबत अभिप्रायाची प्रत जोडली होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, वहिनी. काय झालं की..."

"उत्तम?" वहिनींचा आवाज कापत होता. "चिटणीस, आमचा मुलगा वर्गात पहिला आला तेव्हा हे काय म्हणाले ठाऊक आहे? 'हरकत नाही.' माझ्या हातच्या जेवणाला चाळीस वर्षांत उत्तम म्हटलं नाही त्या माणसानं. आणि तुम्ही त्यांच्या तोंडी घातलंत? तेही ते गेल्यावर, कुणा परक्यासाठी?"

काही गोष्टी फोनवर निस्तरत नाहीत. चिटणिसांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि भर दुपारी ते वहिनींकडे गेले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सरांची खुर्ची खिडकीपाशीच होती. टेबलावर नद्यांतून आणलेल्या मातीच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. फोनवरचा राग आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. राग असता तर चिटणिसांना सोपं गेलं असतं.

"नाव आधीच का नाही काढलंत?" त्यांनी विचारलं.

चिटणिसांनी पेला हातात फिरवला. "धीर झाला नाही. यादीत होते तोवर... जिन्यात कुणी धापा टाकत आलं की अजून मान वळते माझी."

वहिनी म्हणाल्या, "ती आठवणीची पत्रं यायची ना, सुरुवातीला फार लागायची मनाला. मग वाटायला लागलं, ह्यांच्यावाचून कुणाचं तरी अडलंय. बाकी सगळ्यांचं सुरळीत चाललंय हो."

चिटणीस माफी मागण्यासाठी घसा साफ करत होते तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस उभा होता. उन्हानं रापलेला, हातात फुलांचा गुच्छ, काखेत कागदांची जाड पिशवी. वहिनींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अरे, तू? किती वर्षांनी!"

हा सरांचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणायचं ते जुन्या ओळखीनं, कारण त्याचे स्वतःचे विद्यार्थी आता केस रंगवू लागले होते. तरुणपणी तो सरांच्या हाताखाली संशोधन करत होता. प्रत्येक प्रकरण घेऊन यायचा आणि 'सुधारणेला वाव आहे' ऐकून परत जायचा. एकदा त्याचा संयम सुटला. कागद उचलून तो जिना उतरला आणि पुन्हा चढला नाही. पुढे दूरच्या एका धरणाजवळच्या कॉलेजात लागला. दरवर्षी होडी घेऊन तो जलाशयातला गाळ मोजत राहिला.

"काकू, सरांनी..." त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढला. "माझा निबंध सरांकडे तपासायला आला होता. मला काल अभिप्राय येईपर्यंत कळलंही नव्हतं. आणि सरांनी नाव सांगायला परवानगी दिली, काकू! म्हणजे त्यांनी मला माफ केलं. कुठं आहेत? झोपलेत का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग फिरायला गेलेत? मी थांबतो. घाई नाही मला."

चिटणिसांनी जमिनीकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईना.

"हे बघा, किती सुंदर लिहिलंय," असं म्हणून विद्यार्थी उभ्यानंच वाचू लागला. "'लेखकाची चिकाटी कौतुकास्पद असून तीही उत्तम आहे.'" "चिकाटी म्हणजे काय, हे सरांनाच ठाऊक. मी घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, इतकी वर्षं तू त्यांना उगाच नावं ठेवलीस."

स्वतःचं वाक्य त्या खोलीत, त्या बाटल्यांसमोर दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना चिटणिसांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"बस," वहिनी म्हणाल्या. तो बसला. त्यांनी गुच्छ त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. "सर गेले रे."

"गेले म्हणजे?" एवढं विचारून त्यानं खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि तो समजला. त्यानं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "कधी?"

"अं... म्हणजे आत्ताच," चिटणीस घाईघाईनं मध्ये पडले. "अभिप्राय पाठवला आणि लगेचच. शांतपणे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नुसत्या पाहण्यानंच चिटणीस आक्रसले. वहिनींनी एकदा विद्यार्थ्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पाकिटाकडे पाहिलं. ते त्यानं छातीशी धरलं होतं.

"थंडीत गेले," त्या म्हणाल्या. "तुझा निबंध त्यांनी पाहिला नाही. हे ह्या चिटणिसांनी लिहिलंय."

विद्यार्थ्यानं चिटणिसांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही गाळावर काम करता?"

"मी मंडळात काम करतो," चिटणीस कसंबसं म्हणाले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टीम, चौकट, कमी पडणारे शब्द. सांगता सांगता ते त्यांना इतकं हास्यास्पद वाटू लागलं की त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. विद्यार्थी मात्र हसला नाही. चिडलाही नाही. त्यानं पाकिटातला कागद काढला, घडी केली आणि खिशात टाकला. थोड्या वेळानं विचारलं,

"मग निबंध कसा आहे?"

खोलीत तीन माणसं होती आणि त्यांपैकी एकालाही ते सांगता येत नव्हतं. चिटणिसांना गाळातलं काही कळत नव्हतं. वहिनींना फक्त गाळसरांबद्दल कळत होतं. आणि लेखकाला स्वतःचा निबंध कसा ठाऊक असणार?

"वाच," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला कंटाळा येईल, काकू."

"येऊ दे. इतकी वर्षं हे मला वाचून दाखवायचे. मला कुठं काय कळत होतं? मी आपली बसायची. वाच तू."

विद्यार्थी वाचू लागला. प्रवाहाचा वेग, पाण्याचा रंग, वळणावर साचणारी माती. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. चिटणिसांना एकदा डुलकी आली आणि ती त्यांनी मोठ्या शरमेनं परतवली. वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. विद्यार्थी आधी त्यांच्याकडे बघून वाचत होता. हळूहळू तोही खुर्चीकडे बघून वाचू लागला.

"'होडीतून काठी तळाला टेकेपर्यंत सोडली आणि खोली नोंदवली,'" तो वाचत होता. "'पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी काठी तळाला टेकेपर्यंत...'"

तो थांबला.

"काय झालं?" चिटणिसांनी विचारलं.

"तळाला," तो म्हणाला. "कुठल्या तळाला?" तो स्वतःशीच बोलत होता. "वरचा गाळ तर लोण्यासारखा असतो. काठी त्यात जाणारच. ती गाळावर टेकली की गाळात रुतली? मी... मी बघितलंच नाही. दरवर्षी हात वेगळा, जोर वेगळा. म्हणजे गाळ किती वाढला आणि काठी किती रुतली, हे..." त्यानं पानं मागे उलटली, पुढे उलटली. "सगळे आकडे असेच आहेत, काकू. सगळी वर्षं. आणि मी हे छापायला निघालो होतो. त्यावर उद्या कुणी धरणाचं आयुष्य ठरवलं असतं."

"मग आता?"

"मागे घेतो. पुन्हा मोजतो. काठीला खाली तबकडी लावली की रुतणार नाही. एवढी साधी गोष्ट..." त्यानं खुर्चीकडे पाहिलं. "सरांनी पहिल्या पाच मिनिटांत पकडलं असतं. म्हणाले असते..."

ते काय म्हणाले असते हे तिघांनाही ठाऊक होतं. कुणीच म्हटलं नाही. विद्यार्थ्याचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला आणि बातमी कळली तेव्हा न रडलेला तो पोक्त माणूस लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. निबंध त्याच्या मांडीवर उघडा होता.

वहिनी उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रड," त्या म्हणाल्या. "पण आधी ते कागद बाजूला घे. भिजतील."

निघताना त्यांनी दोघांना दारापर्यंत सोडलं. चिटणिसांना म्हणाल्या, "त्या संपादकांना तुम्हीच सांगा. आजच सांगा." आणि विद्यार्थ्याला म्हणाल्या, "नवं मोजून झालं की घेऊन ये. मी बसेन ऐकायला."

बसथांब्यावर दोघं बराच वेळ शेजारी शेजारी उभे होते. ऊन उतरलं होतं. समोरच्या शाळेतून मुलं आरडाओरडा करत बाहेर पडत होती.

"एक विचारू?" विद्यार्थी म्हणाला. "तुम्ही चार वेळा उत्तम लिहिलंत. निदान तुम्हाला तरी तो खरंच आवडला होता का?"

चिटणिसांना खोटं बोलायचा आता वीट आला होता. "मी वाचलाच नव्हता," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुठलाच वाचला नाही हो. आले की पाठवायचे, परत आले की पुढे पाठवायचे. वाचायचे असतात हे कधी डोक्यातच आलं नाही."

विद्यार्थी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्या दुपारी पहिल्यांदाच त्याला हसू आलं. डोळे सुजलेले असताना येतं तसं, जरा दुखणारं. बस येताना दिसली तेव्हा त्यानं काखेतला निबंध चिटणिसांच्या हातात दिला.

"चुकीचा आहे," तो म्हणाला. "पण वाचा."

चिटणिसांना खिडकीजवळची जागा मिळाली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिलं पान वाचलं. त्यातलं अक्षरही कळलं नाही. ते त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.